बेजबाबदार गिऱ्हाईकाला जुनी गाडी: इसार घ्यायच्या आधी काय आणि नंतर काय

जुनी गाडी विकताना बहुतेक जण क्रमच उलटा लावतेत. आधी रेट ठरतो, मग चार माणसांत इसार घेतला जातो, चहा होतो, आणि गिऱ्हाईक उठता उठता सहज सांगून जातंय, "आमचा बारक्या चालवणारे, यंदा दहावीला हाय." आता काय करता? शब्द दिलाय, पैसे खिशात आलेत, माणूस सोयऱ्यातला. मग गाडी दिली जाते आणि वरून "तेवढं नावावर करून घ्या बरं का लवकर" एवढं म्हणलं की आपलं काम झालं असं वाटतंय. झालेलं नसतंय. कायद्यानं तर नाहीच, आणि पोरानं उद्या कुणाला उडवलं तर रात्री झोपताना पण नाही.

म्हणून खालचे टप्पे ह्याच क्रमानं घ्यायचे, रेट मध्येच ओढून पुढं आणायचा नाही. मोटरसायकलला पण हेच लागू. ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे, ते इथं घेत नाही.

## 1. आधी गाडी, गिऱ्हाईक नंतर

सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्याकडं गाड्यांची गिऱ्हाईकं एकदम सुटतेत, नांदेड काय लातूर काय सगळीकडं तेच. त्या घाईत सापडायचं नसेल तर महिनाभर आधी दोन गोष्टी करून ठेवा.

पहिली कागदाची. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, काढून बघा, त्यावर बँकेचं नाव अजून आहे का. लोन फिटून वर्षं झालेली असतेत पण बोजा तसाच राहिलेला असतो, तो उतरवायला बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि फॉर्म 35 लागतो. ई-चलान किती पेंडिंग आहेत ते ऑनलाइन बघून भरून टाका. विमा आणि पीयूसी चालू पाहिजे. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवीन नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्या, नाहीतर ट्रान्सफरचं काम अडतंय. आणि आरसीला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का, आधारला पण तोच आहे का हे आत्ताच बघा, कारण सगळा खेळ ओटीपीचा आहे. जुनं सीम कव्हाच बंद पडलेलं असतंय आणि ते ऐनवेळी कळतंय.

दुसरी गोष्ट खोटेची यादी. वहीच्या एका पानावर लिहा, गाडीत काय काय बिघडलंय. त्यात दोन रकाने करा: गैरसोयीची खोट आणि जिवाची खोट. एसी गार करत नाही, मागची काच अडकते, सीट फाटलंय, टेप बंद, ही सगळी गैरसोय. ब्रेक शेवटपर्यंत दाबावा लागतो, गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते, स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, हेडलाइट पिवळे पडलेत, टायरच्या खाचा 1.6 मिलीमीटरच्या खाली गेल्यात, ही जिवाची. टायर बघायला मेकॅनिक पण लागत नाही, खाचेच्या मधी रबराचा छोटा उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपलं.

⚠️ हेडलाइटला गैरसोयीच्या रकान्यात टाकू नका. उसाच्या हंगामात अंबाजोगाई-लातूर रोडनी रात्री गाडी चालवली असेल तर सांगायला नको, पुढं मागचा लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते आणि ती दिसतीय तोवर उशीर झालेला असतोय.

इथं थांबून बघा: कागदाची फाइल एका जागी आहे, यादी लिहून झालीय, आणि अजून कुणाला रेट सांगितलेला नाही.

## 2. गिऱ्हाईक कोण आहे ते बघणं

"गाडी कितीला देता?" ह्याला लगेच आकडा द्यायचा नाही. "या, बघा, चालवून बघा, मग बोलू" म्हणायचं. बघायला माणूस आला की बोलता बोलता चार गोष्टी काढून घ्यायच्या, पोलिसी चौकशी नाही करायची, गप्पा मारायच्या.

गाडी कोण चालवणार? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. घेणारा आणि चालवणारा एकच असेल असं धरून चालू नका. बाप घेतो पोरासाठी, पोरगा घेतो मित्रासोबत फिरायला, कुणी घेतो भाच्याला काहीतरी धंदा लावून द्यायला. जो चालवणारे त्याला घेऊन या म्हणायचं आणि त्याचं लायसन्स बघायचं. "हाय, घरी हाय" म्हणला तर मोबाईलमध्ये डिजिलॉकरला नाहीतर एम-परिवहनला दाखव म्हणायचं, एवढं आता सगळ्यांकडं असतंय.

गाडी घरची का धंद्याची? पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी नोंदणीच्या गाडीत सिटा भरून तालुका ते गाव अशा फेऱ्या मारायच्या बेतानं पण लोकं जुन्या सात सीटर घेतेत. अशा भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी, आणि आत बसलेले दहा-बारा जण कुणाच्या भरवशावर बसले होते?

कुठं नेणार? उदगीर, देगलूर, बिलोली, उमरगा ह्या पट्ट्यात बिदर-जहीराबादकडचं गिऱ्हाईक हमखास येतंय. त्यात वाईट काही नाही, पण राज्याबाहेर गाडी जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि तिकडं नवीन नोंदणी होईस्तोवर इकडच्या रेकॉर्डला तुमचंच नाव राहतंय.

मग ट्रायल. ट्रायलला शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं, किल्ली देऊन ओट्यावर बसून राहायचं नाही. माणूस कसा आहे हे तिथं कळतंय. सीटबेल्ट न लावता गाडी काढतो का, फोन आला की एका हातात फोन आणि एका हातात स्टिअरिंग घेतो का, शाळेसमोर वेग कमी करतो का, तोंडाला वास येतोय का. आणि परत आल्यावर "घे रे तू पण एक चक्कर मार" म्हणून सोबत आलेल्या लेकराच्या हातात किल्ली देतो का. दिली तर तुम्हाला उत्तर मिळालं, पुढचं काही विचारायची गरज नाही.

⚠️ एक मात्र सांभाळा. माणसाच्या कपड्यावरून, वस्तीवरून, आडनावावरून बेजबाबदार ठरवू नका. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातला गडी समृद्धीवर मोबाईल बघत एकशे चाळीसनं पळवतो आणि मळक्या धोतरातला म्हातारा चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही. ऐकीव गोष्टीवर पण जाऊ नका. "तो पितो" आणि "तो पिऊन गाडी चालवतो" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या कामाची फक्त दुसरी, आणि ती पण डोळ्यानं बघितलेली किंवा खात्रीच्या माणसाकडून कळलेली पाहिजे.

## 3. द्यायची का नाही, हे रेटच्या आधी ठरवा

बेजबाबदार माणूस तीन तऱ्हेचा असतो आणि तिघांना एकच उत्तर नाही. इथंच लोकांचा घोळ होतो, कागद पक्के केले म्हणजे सगळ्यावर इलाज झाला असं समजतेत.

पहिला कागदाचा बेजबाबदार. गाडी नीट चालवील, पण आरटीओत जायचा कंटाळा, विमा भरायचा कंटाळा, वर्षभर गाडी तुमच्याच नावावर पळवील. ह्याला गाडी द्यायला हरकत नाही, फक्त कागद त्याच्या भरवशावर सोडायचे नाहीत, सहावा टप्पा त्याच्यासाठीच आहे.

दुसरा देखभालीचा बेजबाबदार. टायर फुटेस्तोवर बदलणार नाही, ब्रेकमधून लोखंड घासल्याचा आवाज आला तरी गाण्याचा आवाज वाढवील. ह्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: जिवाच्या रकान्यातली खोट तुम्ही दुरुस्त करूनच गाडी द्यायची. "मी सांगितलं होतं ब्रेक कमी आहेत, तुम्ही करून घ्या" हे शहाण्या माणसाला चालतंय, ह्याला नाही, कारण तो करून घेणार नाही हे तुम्हाला बोलतानाच माहीत असतंय. पॅड, ब्रेक ऑइल, गरज पडली तर दोन टायर, जे लागेल ते करा आणि तो खर्च रेटमध्ये धरा. तो म्हणेल, "दुरुस्ती नको, तेवढे पैसे कमी करा." इथं हो म्हणायचं नाही. पैसे कमी केल्यानं ब्रेक लागत नाहीत.

तिसरा चालवण्याचा बेजबाबदार. पिऊन चालवतो, लायसन्स नाही, नाहीतर गाडी अल्पवयीन पोराच्या हातात जाणारे हे उघड आहे. ह्याला द्यायची नाही. कागद कितीही पक्के करा, कागदानं तुमची मान सुटते, रस्त्यावरच्या माणसाची नाही. आणि मान तरी कुठं पूर्ण सुटते? मोटार वाहन कायद्यात 2019 ला कलम 199अ आलं, अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वर गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. आता ट्रान्सफर व्हायच्या मधल्या दिवसांत मालक म्हणून रेकॉर्डला कोण आहे? मला काही माहीत नव्हतं हे सिद्ध करता आलं तर सुटका आहे, पण दहावीतलं पोरगं चालवणार हे चार माणसांत ऐकून तुम्ही किल्ली दिली असेल तर सिद्ध काय करणार?

"आपण नाही दिली तर दुसरा देईल" असं लगेच कुणीतरी म्हणतंय. देईल की. आख्ख्या तालुक्याच्या गाड्या आपल्याला अडवायच्या नाहीत, आपल्या दारातली एक बघायची. आणि उलट बाजूनं पण सांगतो, लायसन्सवाला, शुद्धीतला, व्यवस्थित माणूस बघून गाडी दिली आणि दोन वर्षांनी तो प्यायला लागला तर ते ओझं तुमचं नाही, उगं जन्मभर डोक्यावर घेऊन फिरू नका.

इथं थांबून बघा: कुठल्या तऱ्हेचा आहे ते ठरलं. तिसरा असेल तर चौथ्या टप्प्यावर जा, नाहीतर थेट पाचव्या.

## 4. नाही कसं म्हणायचं

गिऱ्हाईक अनोळखी असेल तर सोपं आहे, "नाही जमत" म्हणलं की संपलं. अडचण सोयऱ्याधायऱ्यांत.

तीन पळवाटा लोकं वापरतेत आणि तिन्ही अंगलट येतेत. एक, रेट वाढवून सांगणं; समोरचा हट्टाला पेटला तर तेवढे देऊन गाडी नेतो. दोन, "विकायचीच नाही आता". पुढच्या महिन्यात तीच गाडी दुसऱ्याच्या दारात दिसली की भांडण. तीन, "घरची नको म्हणती"; म्हणजे नाही तुम्ही म्हणलात आणि वाईटपणा बायकोच्या नावावर.

त्यापेक्षा एकटं गाठून, चार लोकांत नाही, सरळ बोलायचं. "दाजी, राग मानू नका. गाडी तुम्ही चालवणार असाल तर आज घेऊन जा. पण ती सोन्याच्या हातात जाणार हे मला दिसतंय आणि त्याला अजून लायसन्स नाही. त्याचं लायसन्स होऊ द्या, तोवर गाडी गेली तर दुसरी बघू, मी स्वतः संग येतो बघायला." पिणाऱ्याला एवढं सविस्तर बोलायची गरज नाही, "भाऊ, तुला मी गाडी देत नाही, कारण तुला माहितीय" एवढं बास होतंय. दाजी दोन महिने बोलणार नाहीत. चालतंय.

इसार आधीच घेऊन बसला असाल तर आख्खा परत करा, त्याच दिवशी, ऑनलाइन पाठवला तर उत्तम, म्हणजे नोंद राहते. त्यात पाचशे पण कापू नका, शब्द तुम्ही फिरवलाय.

## 5. खोट सांगून मग रेट

आता पहिल्या टप्प्यातली यादी काढायची आणि वाचून दाखवायची. तोंडी नाही, कागदावर, आणि खाली त्याची सही घ्यायची. लोकांना वाटतंय खोट सांगितली की गिऱ्हाईक पळतं. काही पळतेत. पण जे राहतंय ते नंतर "तुम्ही फसवलं" म्हणत दारात येत नाही. अपघात झालेली गाडी असेल, पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असेल, मीटर बदललेलं असेल, तर हे सांगायचंच, विचारलं नाही तरी.

मग रेट. घासाघीस करा, तो तुमचा हक्क आहे, ह्यावर मी काही शिकवत नाही. पैशाचे दोनच नियम पाळा.

2 लाख किंवा त्याच्या वर रोख घ्यायची नाही, आयकर कायद्यात एका व्यवहारात तेवढी रोख घेणाऱ्यालाच दंड आहे, म्हणजे तुम्हाला. सोयाबीनचे पैसे पिशवीत घेऊन आलेल्या माणसाला हे सांगायला जीवावर येतंय पण सांगा.

दुसरा नियम म्हणजे हप्त्यानं विकायची नाही. मराठवाड्यात हे फार चालतंय: "निम्मे आत्ता देतो, निम्मे ऊस गेल्यावर, पैसे फिटले की गाडी नावावर करू." विकणाऱ्याला वाटतंय आरसी आपल्या नावावर आहे म्हणजे आपले पैसे सेफ. अहो उलटं आहे. गाडी त्याच्याकडं, पेट्रोल त्याचं, मजा त्याची, आणि अपघात झाला की मालक तुम्ही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या निकालात हेच सांगितलं, तिथं तर गाडी एकामागं एक बऱ्याच जणांना विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी रेकॉर्डला नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. चालवणाऱ्याला लायसन्स नसेल तर विमा कंपनी पीडिताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे उरलेल्या पन्नास हजाराच्या राखणीसाठी तुम्ही जमीन डावाला लावलेली असते. पैसे पुरे नसतील तर त्यानं बँकेचं नाहीतर फायनान्सचं लोन काढावं, तो त्यांचा धंदा आहे, त्यांना करू द्या.

## 6. कागद

फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची तुमची सूचना, फॉर्म 30 म्हणजे नाव बदलायचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर तुम्ही 14 दिवसांच्या आत कळवायचं असतंय आणि घेणाऱ्याला 30 दिवस असतेत. लोकं तुमचे 14 दिवस पण त्याच्यावरच सोडतेत, ते काम तुमचं आहे.

⚠️ कोऱ्या 29-30 वर सही करून एजंटच्या हातात देऊ नका. कोरा फॉर्म कुणाच्या नावानं, कोणत्या तारखेनं भरला जाईल ह्यावर तुमचा काही ताबा राहत नाही, आणि मधल्या मधी गाडी तीन हात फिरते. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली पाहिजे, मगच सही, आणि सहीनंतर फोटो.

कागदाच्या बेजबाबदार माणसासोबत तुम्ही स्वतः जायचं. जालना असो, बीड असो, हिंगोली असो, त्याच्यासोबत परिवहनच्या साइटवर अर्ज भरायचा, फी त्याच्याकडून तिथंच भरून घ्यायची, ओटीपी तुम्ही समोर बसून द्यायचा आणि अर्जाची पोच स्वतःच्या मोबाईलमध्ये घ्यायची. एक दिवस मोडतो. मोडू द्या.

ओटीपी फोनवर सांगायचा नाही, "एजंट बोलतोय, नंबर आला का" म्हणणाऱ्याला तर नाहीच.

विक्रीचा करारनामा स्टॅम्प पेपरवर करायचा, आता 500 चा लागतो, शंभरवर भागत नाही. पण नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका. नोटरी हा तुमच्या दोघांमधला पुरावा आहे, त्यानं रेकॉर्डला नाव बदलत नाही.

इथं थांबून बघा: अर्ज नंबर तुमच्याकडं आहे, पैसे खात्यात दिसतायत (मेसेज नाही, खातं उघडून बघा). दोन्ही झालं असेल तरच पुढं.

## 7. किल्ली द्यायचा दिवस

ताबा पावती करा. त्यात गाडी नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, मीटरचं रीडिंग, तारीख आणि वेळ घाला, वेळ घड्याळात बघून मिनिटासकट. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, घेणाऱ्याच्या लायसन्सची आणि आधारची झेरॉक्स मागं जोडा. त्या दिवसापासून चलान, भांडण, अपघात काही झालं तर गाडी कुणाच्या ताब्यात होती हे त्या वेळेवरून कळतंय.

मग फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहतो. गाडीत राहिलेली कागदपत्रं, झेरॉक्सा, दवाखान्याच्या फाइली काढून घ्या. विमा कंपनीला विक्री कळवा. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, गाडीसोबत जातो, पण पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायला घेणाऱ्यानं 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर आपोआप त्याला मिळत नाही. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुमचा, त्याचं सर्टिफिकेट कंपनीकडून मागून घ्या, पुढच्या गाडीला 3 वर्षांच्या आत वापरता येतंय आणि तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो. बरेच जण तो फुकट सोडून देतेत.

⚠️ ज्या दिवशी गाडी द्यायची त्या दिवशी तो पिऊन आला, नाहीतर न्यायला लायसन्स नसलेलं पोरगं पाठवलं, तर व्यवहार कितीही पुढं गेलेला असू द्या, किल्ली देऊ नका. "उद्या सकाळी या" म्हणा. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवायला देणाऱ्या मालकालाच 5,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

## 8. गाडी गेल्यानंतर

आठवड्यातून एकदा एम-परिवहनवर गाडी नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का बघत राहा. नाव पूर्ण दिसत नाही, पण आपलं आहे का दुसऱ्याचं एवढं ओळखू येतंय.

महिना झाला तरी तुमचंच नाव असेल तर फोनवर भांडत बसू नका. आरटीओला लेखी अर्ज द्या, सोबत फॉर्म 29, करारनामा आणि ताबा पावतीच्या झेरॉक्स, आणि आवकचा शिक्का मारलेली एक प्रत घरी आणा. तीच कागदं जोडून पोलीस स्टेशनला पण माहितीचा अर्ज द्या. घेणाऱ्याला स्पीड पोस्टानं एक पत्र पाठवा. ह्यानं लगेच नाव बदलेल असं नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता हे कागदावर येतंय.

एवढी सगळी उठाठेव ज्याला झेपत नाही त्यानं अधिकृत डीलरकडं गाडी द्यावी. एप्रिल 2023 पासून नियम असाय की नोंदणीकृत डीलरकडं गाडी सोपवली आणि फॉर्म 29सी ची सूचना पोर्टलवर गेली की ती विकली जाईस्तोवर मालक म्हणून जबाबदारी डीलरवर येते. पैसे दहा-वीस हजार कमी येतील. मात्र डीलरकडं आरटीओचं ऑथरायझेशन आहे का ते आधी बघा, बायपासला शेड टाकून चार गाड्या उभ्या केलेला प्रत्येक जण डीलर नसतो, आणि 29सी ची पोच हातात पडल्याशिवाय गाडी तिथं सोडून येऊ नका.

कधी पोलीस स्टेशनवरून फोन आला, "ह्या नंबरची गाडी तुमचीच का?" तर घाबरून "मी विकली, मला काही माहीत नाही" म्हणून फोन ठेवायचा नाही. कोणत्या ठाण्यातून, कोण बोलतंय, कुठल्या तारखेचं प्रकरण ते लिहून घ्या आणि ताबा पावती, 29 ची पोच, बँकेचं स्टेटमेंट, खोटेच्या यादीवरची सही हे सगळं घेऊन समक्ष जा. मूळ कागद तिथं सोडायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या आणि दिल्याची पोच घ्यायची. आरसीवर नवीन नाव लागलं तरी ही फाइल रद्दीत टाकू नका, अपघाताच्या केसची नोटीस वर्षा-दोन वर्षांनी पण येऊ शकते.